हलगी टाकायची की तिचा मालक बदलायचा?

यंदा जयंतीच्या मिटिंगला आमच्यात भांडण जुंपलं. एक पोरगा उठून म्हणाला, हलगी-ढोलकी नको. ज्या वाद्यानं बापजाद्यांना पाटलाच्या दारात उभं केलं, वाजवून भाकरतुकडा मागायला लावलं, ते बाबासाहेबांच्या मिरवणुकीत कशाला? डीजे सांगा. त्याचं सगळंच खोटं नाही. 1956 नंतर कित्येकांनी येसकरकीबरोबर वाजंत्रीही टाकली, ती इज्जतीपायीच. पण त्या पोराला माझं म्हणणं एवढंच की, बाबा, आधी अण्णाभाऊ नीट ऐक.

वाटेगाव म्हसवडपासून काही परदेश नाही. वाळवा तालुका. तिथल्या मांगवाड्यात 1920 साली अण्णाभाऊ जन्मले आणि भावकीतल्या बापू साठेंच्या फडात तमाशा शिकले. म्हणजे ढोलकी, तुणतुणं, गण, गवळण, वग हे त्यांना पुस्तकातून मिळालेलं नव्हतं, जातीनं पाठीवर ठेवलेलं होतं. 1944 ला अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा त्यांनी हे ओझं फेकलं नाही, उलटंपालटं केलं. गणातला गणपती उठवला आणि तिथं मायभूमीला, शिवाजीराजांना वंदन आणलं. कृष्णाची गवळण काढून टाकली. वगात राजा-प्रधान गेले, सावकार, शेटजी, इलेक्शन आलं. वाद्यं मात्र तीच. (हे आभाळातून पडलं नव्हतं. सत्यशोधक जलशांनी आणि भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी ही वाट आधीच पाडली होती. अण्णाभाऊंचे भक्त हे सांगत नाहीत, ते मला खटकतं.)

पठ्ठे बापूरावही त्याच वाळव्याचे, रेठरे हरणाक्षचे. जातीनं कुलकर्णी. त्यांच्या लावणीतली मुंबई झगमगाटाची. अण्णाभाऊंनीही मुंबईचीच लावणी केली, पण तिच्यात मलबार हिल आणि परळ समोरासमोर उभे केले. लावणी ऐकायला बसलेला गिरणीकामगार स्वतःचीच चाळ ऐकून उठला. नवेपणा म्हणजे हा. नुसतं इलेक्ट्रिक वाद्य आणलं की गाणं नवं होत नाही.

आणि ‘माझी मैना गावावर राहिली’! ही छक्कड. आधी वाटतं, बायकोला गावी ठेवून मुंबईला आलेल्या गड्याचा जुनाच विरह आहे. ऐकता ऐकता ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेले बेळगाव, कारवार, निपाणी होतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांच्या पहाडी आवाजानं ही छक्कड गावोगाव नेली. शृंगाराचं गाणं मोर्चाचं झालं, आणि शृंगार मेला नाही. हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

पण इथंच माझी तक्रार आहे. ती मैना सगळ्या छक्कडभर एक शब्द बोलत नाही. तिचं रूप, तिचे दागिने, तिचं रडणं, सगळं नवऱ्याच्या नजरेतून. गणपती उठवणाऱ्या शाहिराला ही जुनी नजर उठवता आली नाही. आमच्या माणदेशातल्या मैना काय नुसत्या डोळ्यात पाणी आणून उभ्या होत्या? गडी गिरणीत, गोदीत गेला आणि 1972 च्या दुष्काळात इथं खडी फोडली ती तिनं. घागरीमागं कोस कोस चालली ती तिनं. तिच्या अंगावर कुठले दागिने!

कोणी म्हणेल, अण्णाभाऊ कम्युनिस्ट, आपले कसे? ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ते बघा आणि मग बोला.

मिटिंगचा निकाल असा लागला की पुढं हलगी, मागं डीजे. मला निम्मंच पटलंय. तोवर त्या मैनेच्या तोंडची छक्कड कुणा बाईनं, कुणा पोरीनं लिहिली असेल तर पाठवा, चाल आपण बसवू. स्टेन्सिल रविवारी कापायचं आहे, एक पान मोकळं ठेवलंय.