ग्रुंडिग, लेआ
(१९०६–७७). जर्मन ज्यू मुद्राचित्रकर्त्री. जन्म ड्रेझ्डेन येथे. उंटर्म हाकेनक्रॉइट्स (‘नाझी चिन्हाखाली’, १९३३–३८) ही मालिका तिची सर्वश्रेष्ठ निर्मिती होय. तीमध्ये अम्लाऐवजी थेट सुईने धातूच्या पत्र्यावर रेखन केले आहे. ओरखड्याच्या उंचावलेल्या कडेत शाई साठून रेषा गडद व मखमली उमटते. कड लवकर झिजत असल्याने मुद्रिते मात्र थोडीच निघतात. प्रदर्शनाची दारे बंद झालेल्या काळात ही मर्यादा तिच्या आड आली नाही. घरात शिरलेले भय व दबकी कुजबूज तिने या काळोख्या रेषेतून साकारली. १९३८ मध्ये तिला अटक झाली. १९४० मध्ये ती पॅलेस्टाइनला पोहोचली व १९४९ मध्ये ड्रेझ्डेनला परतली. पूर्व जर्मनीतील तिच्या उत्तरकालीन निर्मितीत प्रचाराचा सूर जाणवतो; महासंहारापूर्वीच कोरलेली ही मालिका मात्र अस्सल साक्ष ठरते.