वीरनायक आणि त्याचे वाचक : ‘ड्यून’च्या उत्तरार्धाच्या निमित्ताने

आवडत्या कादंबरीवर चित्रपट येणार असे कळले की वाचकाच्या मनात आनंदाच्या आधी धास्ती उमटते. आपण मनात उभे केलेले जग आता दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागणार, ही ती धास्ती असते. विज्ञानकादंबरीच्या बाबतीत ती अधिक तीव्र होते आणि तिला तसे कारणही आहे. ऐतिहासिक कादंबरीचा वाचक बखरीकडे किंवा कागदपत्रांकडे वळू शकतो. सामाजिक कादंबरीच्या वाचकाला आजूबाजूच्या जगाचा आधार असतो. कल्पित ग्रहावर घडणाऱ्या कादंबरीच्या वाचकाला मात्र पुस्तकाबाहेर कोणताच पुरावा नाही. तेथील पाणी, वाळू, भाषा, चालीरीती यांचे अस्तित्व केवळ त्या शब्दांत आहे. म्हणून असा वाचक हळूहळू पुस्तकाचा राखणदार होतो. फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’वर दनी व्हिलनव्ह यांनी केलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग मार्च २०२४ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा या राखणदारांमध्ये जो वाद पेटला, तो माध्यमांतराच्या नेहमीच्या तक्रारींपेक्षा वेगळा होता. साहित्यविचाराच्या दृष्टीने त्याची नोंद घ्यावी असे मला वाटते.

‘ड्यून’ १९६५ साली पुस्तकरूपाने आली. त्याआधी तिचे भाग जॉन कॅम्बेल यांच्या ‘अ‍ॅनालॉग’ मासिकातून प्रसिद्ध झाले होते. अनेक प्रकाशकांनी नाकारलेली ही कादंबरी शेवटी छापली ती मोटारदुरुस्तीच्या मार्गदर्शिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या संस्थेने. अराकिस या निर्जल ग्रहावर पॉल अट्रेडीस हा सरदारपुत्र येतो. घराण्याचा घात झाल्यावर तो फ्रेमेन या वाळवंटवासीयांच्या आश्रयाला जातो आणि त्यांचा तारणहार ठरून सम्राटपद मिळवतो, असे तिचे कथानक. मात्र ज्या भविष्यवाणीच्या बळावर तो तारणहार ठरतो, ती बेने गेसेरिट या स्त्रीसंघाने आपल्या सोयीसाठी पिढ्यान्पिढ्या आधी पेरून ठेवलेली असते. विजयाच्या कथेखाली फसवणुकीची दुसरी कथा वाहते आहे. यातली कोणती कथा आपण वाचतो, हाच ‘ड्यून’च्या वाचनाचा खरा प्रश्न आहे.

चित्रपटाच्या पहिल्या भागाचे (२०२१) जाणत्या वाचकांनी बहुतेक समाधानाने स्वागत केले होते. दुसऱ्या भागाने मात्र त्यांच्यात फूट पाडली. तक्रारींची यादी मोठी आहे. कादंबरीत काही वर्षांचा असलेला काळ चित्रपटात नऊ महिन्यांच्या आत आटोपतो. त्यामुळे बालवयातच प्रौढ जाणीव लाभलेली पॉलची बहीण अलिया येथे जन्मालाच येत नाही. कादंबरीत हार्कोनेन सरदाराचा वध ती करते, येथे तो पॉल करतो. पॉल आणि चानी यांचा पहिला मुलगा आणि त्याचा मृत्यू वगळला आहे. ज्याच्याविना साम्राज्याचा गाडा चालत नाही, तो अवकाश-वाहतूकदारांचा संघ जवळजवळ अदृश्य झाला आहे. पण हे सारे गाळण्याचे अपराध झाले, आणि मोठ्या ग्रंथाच्या चित्रपटात असे गाळणे अटळ असते हे चाहतेही मान्य करतात. खरा वाद पेटला तो चानीवरून. कादंबरीतील चानी ही पॉलची निष्ठावान सहचरी आहे, त्याच्या कार्यावर तिचा विश्वास आहे. चित्रपटातील चानीचे पॉलवर प्रेम आहे, पण त्याच्या देवत्वावर विश्वास नाही. शेवटी सारे त्याच्यापुढे गुडघे टेकतात तेव्हा ती एकटी उभी राहते आणि वाळवंटात निघून जाते.

एका पक्षाने याला विश्वासघात म्हटले. आजच्या काळाची संशयी तरुणी उचलून एका श्रद्धाळू जमातीत नेऊन बसवली, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाने उत्तर दिले की शब्द बदलले तरी हेतू राखला आहे. दिग्दर्शकाची भूमिकाही हीच आहे. वाचकांनी पॉलला वीर मानले याचे हर्बर्टना वैषम्य वाटले आणि त्यातून ‘ड्यून मसाया’ ही दुसरी कादंबरी आली. चानीच्या डोळ्यांतून पॉलकडे पाहून आपण तोच इशारा पहिल्या कथेत आणला, असे व्हिलनव्ह यांनी अनेकदा सांगितले आहे.

या युक्तिवादाला इतिहासाचा आधार आहे. ‘ड्यून मसाया’ १९६९ साली आली. तिच्यात सम्राट झालेल्या पॉलच्या नावाने लढल्या गेलेल्या धर्मयुद्धात एकसष्ट अब्ज माणसे मेल्याचा हिशेब तो स्वतःच मांडतो. पहिली कादंबरी कौतुकाने छापणाऱ्या कॅम्बेल यांनी ही दुसरी नाकारली, कारण वाचकांना यशस्वी होणारा नायक हवा असतो, कोसळणारा नको, असे त्यांचे मत होते. मग ती ‘गॅलक्सी’ मासिकातून प्रसिद्ध झाली. म्हणजे उत्तरार्धाने नायकाला उणे केले म्हणून नाराज झालेला पहिला चाहता हा खुद्द या कथेचा पहिला संपादकच होता. १९८४ साली डेव्हिड लिंच यांनी केलेल्या चित्रपटाने उलटी वाट धरली. त्याच्या शेवटी पॉल अराकिसवर पाऊस पाडतो, म्हणजे भविष्यवाणी खरी ठरते आणि तो खरोखरच देव होतो. त्या चित्रपटातील बरेच काही हर्बर्टना आवडले होते, पण हा पाऊस त्यांना खटकला. त्यांचा पॉल देव नव्हता, देवाची भूमिका वठवणारा माणूस होता.

तरीही ‘लेखकाचा हेतू’ ही वाटते तितकी पक्की जमीन नाही. पुढील दोन कादंबऱ्यांतील काही भाग पहिली पुरी होण्याआधीच लिहून झाले होते, असे हर्बर्टनी स्वतः नोंदवले आहे. तेव्हा ‘मसाया’ ही केवळ वाचकांच्या चुकीची दुरुस्ती नव्हे. चढण आणि घसरण हा आराखडा आधीपासूनच होता. शिवाय इशारा पहिल्या कादंबरीतही आहे. वाळवंटात मरणाच्या दारी पडलेल्या काइन्सला आपल्या मृत वडिलांचा आवाज ऐकू येतो, आणि एखादी जमात वीरपुरुषाच्या हाती लागणे हे तिच्यावरचे केवढे मोठे संकट असते, हे तो आवाज बजावतो. गंमत अशी की वाचक हे पान वाचतो आणि पुढे जातो, कारण तोपर्यंत तो पॉलच्या बाजूने लढाईत उतरलेला असतो. मीही तसाच पुढे गेलो होतो. महाविद्यालयात असताना वेष्टन फाटलेली एक उसनी प्रत मी चार रात्रींत संपवली. पुढे कित्येक वर्षे माझ्या आठवणीत राहिला तो पॉलचा विजय. काइन्सचा मृत्यू आठवत होता, पण तो आवाज आठवत नव्हता. तेव्हा चूक केवळ परदेशी चाहत्यांची नव्हती, हे सांगणे मला प्राप्त आहे.

मूळ कथेत बदल करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात आनंदवर्धनाने त्याचा निर्णय स्पष्ट दिला आहे. प्राप्त कथेतील एखादा प्रसंग रसाला प्रतिकूल असेल तर कवीने तो टाकावा आणि अनुकूल असा नवा कल्पावा. नुसते कथानक पार पाडणे हे कवीचे काम नव्हे, ते इतिहासाने होतेच. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणून त्याला दोषमुक्त केले. व्हिलनव्ह यांनीही त्याच अधिकाराने बदल केला आहे, पण त्याची दिशा उलटी आहे : कालिदासाचा बदल नायकाला वाचवतो, येथील बदल नायकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. त्यामुळे बदल केला म्हणून चित्रपट दोषी ठरत नाही. ‘पुस्तकात असे नाही’ ही तक्रार वस्तुस्थिती म्हणून खरी असली तरी टीका म्हणून अपुरी आहे. विचारायचे ते हे की या बदलाने कलाकृतीत नेमके काय घडले.

माझ्या मते जे घडले ते दोन्ही पक्षांच्या म्हणण्याहून थोडे वेगळे आहे. कादंबरीत शंका कोणा एका पात्राच्या स्वाधीन केलेली नाही. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी राजकन्या इरुलानच्या ग्रंथांतील उतारे येतात. पुढे काय होणार ते त्यांतून आधीच कळते, आणि आपण वाचतो आहोत ते विजेत्याच्या दरबारात घडवले गेलेले चरित्र तर नव्हे, असा संशय जाग्या वाचकाच्या मनात उभा राहतो. शंका घेण्याचे काम वाचकावर सोपवले आहे. तो ते टाळू शकतो आणि बहुधा टाळतोच. चित्रपटाने शंकेला चानीचे शरीर आणि चेहरा दिला, म्हणून ती कोणाच्या नजरेतून सुटत नाही. पण त्याची किंमतही आहे. आपल्या वतीने कोणीतरी शंका घेत असले की आपण निश्चिंत होतो. चानी नाकारते आहे, तेव्हा आपल्याला जयघोष करायला मोकळीक मिळते.

हा केवळ तर्क नाही. चित्रपटगृहात मी भाचीसोबत बसलो होतो. दक्षिणेच्या सभेत पॉल स्वतःला तारणहार म्हणून घोषित करतो, तो प्रसंग पडद्यावर आला. हान्स झिमर यांचे संगीत छातीत घुमत होते. मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या, आणि माझ्याही अंगावर काटा आला. विरोधासाठी रचलेला प्रसंग आम्ही उत्सवासारखा साजरा करत होतो. बाहेर पडल्यावर भाचीने विचारले, “मामा, सगळे ओरडत होते तेव्हा तुला चानी दिसली का?” मला ती दिसली नव्हती. चित्रनायकांच्या भव्य प्रतिमांना दुधाचा अभिषेक घडतो त्या देशात हा प्रश्न विज्ञानकथेपुरता राहत नाही, हे वेगळे सांगायला नको.

स्टिलगर या पात्राला मिळालेला प्रतिसादही याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पॉलने काहीही केले, अगदी देवत्व नाकारले तरी, त्यात स्टिलगरला भविष्यवाणीचीच खूण दिसते. चित्रपट यातून हशा निर्माण करतो. चाहत्यांनी त्याचे उद्गार उचलले आणि थट्टेने एकमेकांना ऐकवले. काही जुन्या वाचकांना यात एका धीरगंभीर सरदाराचे विदूषकीकरण दिसले. मला मात्र हा हशाच चित्रपटातील सर्वांत बोचरी गोष्ट वाटते. कोणतेही प्रमाण जिच्याविरुद्ध जाऊ शकत नाही अशा श्रद्धेला आपण हसतो. आणि मग पुस्तकातील प्रत्येक ओळ पवित्र मानून दिग्दर्शकाला पाखंडी ठरवणारा चाहता, किंवा दिग्दर्शकाच्या प्रत्येक बदलात मूळ लेखकाचाच हेतू शोधणारा चाहता, हे दोघेही स्टिलगरच्याच पंक्तीत बसतात.

एका आक्षेपाला मात्र माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नाही. हर्बर्टनी फ्रेमेनांची भाषा आणि श्रद्धाविश्व मोठ्या प्रमाणात अरबी आणि इस्लामी परंपरेतून घेतले. चित्रपटाने त्यातली वेशभूषा आणि वाळवंट ठेवले, पण कादंबरीभर येणारा ‘जिहाद’ हा शब्द टाळून त्याजागी साधे ‘पवित्र युद्ध’ आणले. मुख्य भूमिकांत त्या प्रदेशांतील वंशाचे कलावंत फारसे घेतले नाहीत, असाही आक्षेप आहे. त्यातच चित्रपटाने फ्रेमेनांची उत्तरेचे संशयवादी आणि दक्षिणेचे कट्टर श्रद्धाळू अशी वाटणी केली. एका समाजाची श्रद्धा ही त्याच्या जगण्याची, पाणी राखण्याची, मृतांना निरोप देण्याची रीत असते, ही कादंबरीतील जाण या वाटणीत पातळ झाली. नायकावरचा आरोप धारदार करताना त्याच्या अनुयायांना सपाट करणे हा सौदा मला महाग वाटतो. येथे मूळ पुस्तकाची आठवण करून देणारा वाचक केवळ हट्टी नाही, तो काही गमावल्याची साक्ष देतो आहे.

म्हणून या वादात कोण जिंकले हे ठरवण्यात अर्थ नाही. व्हिलनव्ह यांनी आता ‘ड्यून मसाया’वरचा तिसरा चित्रपट हाती घेतला आहे. कोसळणारा नायक वाचकांना चालत नाही हे कॅम्बेल यांचे मत आजच्या प्रेक्षकांच्या कसोटीला पुन्हा एकदा लागेल. पुस्तकावर प्रेम करणे आणि पुस्तकावर श्रद्धा ठेवणे या दोन गोष्टींतील सीमारेषा बारीक आहे. प्रेम प्रश्न विचारू देते, श्रद्धेला ते सहसा मानवत नाहीत. ‘ड्यून’ ही कादंबरी त्याच रेषेविषयी आहे, आणि तिचे चाहते साठ वर्षे त्या रेषेच्या कधी अलीकडे, कधी पलीकडे उभे राहिले आहेत. चित्रपट पाहून आल्यावर मी ती कादंबरी पुन्हा उघडली. या खेपेला काइन्सच्या मृत्यूच्या पानाशी थांबलो आणि तो आवाज सावकाश वाचला.