झाकण घट्ट लावावे

आपल्या समीक्षकांनी आजवर ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलेले नाही, असा एक वाङ्मयप्रकार आमच्या घरी टेबलाच्या खणात पडून आहे. तो म्हणजे चिकटवायच्या आणि फटी बुजवायच्या ट्यूबांवरचा मजकूर. मी कॉमर्सचा. बारावीला मराठीत बेचाळीस मार्क पडले तेव्हाच माझा वाङ्मयाशी संबंध संपला, असे घरात समजतात. पण बँकेतला कारकून दिवसाकाठी जितके बारीक टायपातले वाचतो, तितके एम.ए. झालेला माणूसही वाचत नसेल. ज्याने कर्जाच्या फॉर्मची मागची बाजू वाचली, त्याला ट्यूबची मागची बाजू वाचायचा हक्क आहे, असे धरून मी पुढे जातो.

मजकूर मुळात इंग्रजीत असतो, मराठी अनुवाद माझा. ‘वापरानंतर झाकण घट्ट लावावे. थंड व कोरड्या जागी ठेवावे. लहान मुलांपासून दूर ठेवावे.’ संपले. इतके थोडक्यात कोणी लिहीत असेल तर आमच्या मॅनेजरांनी नामंजूर रजेच्या अर्जावर लिहिलेला शेरा. वाक्यांत कर्ता कुठेच नाही. झाकण कोणी लावावे, हे लेखकाने वाचकाच्या कल्पनेवर सोडले आहे. आमच्या घरात सगळेच कल्पक असल्यामुळे ते कोणीच लावत नाही.

तिसऱ्या वाक्याशी माझे भांडण नाही. दुसरे वाक्य वाचताना मात्र लेखक कोल्हापूरला कधी आलेला नसावा, असे वाटत राहते. आमची शाखा शिरोली एमआयडीसीत, घर पंचगंगेच्या अलीकडे गावात. मार्च ते मे शिरोलीत थंड जागा मिळत नाही. आजूबाजूच्या फौंड्र्यांत चौदाशे अंशांच्या आसपास लोखंड वितळत असते आणि नेमका तेव्हाच आमचा एसी दुरुस्तीला गेलेला असतो. जून ते सप्टेंबर कोरडी जागा मिळत नाही. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत तर पुराचे पाणी शिरोलीजवळ थेट महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. थंड आणि कोरडी अशा दोन्ही अटी बारा महिने पुऱ्या करणारी एकच जागा माझ्या माहितीत आहे, ती म्हणजे बँकेचा लॉकर. पण तिथे ट्यूब ठेवायची, तर नॉमिनी कोणाला करायचे ते ठरवावे लागेल.

राहिले पहिले वाक्य. त्याच्यावर टीका करायची माझी छाती नव्हती. ती गेल्या जुलैत आली.

आमच्या घरी पश्चिमेच्या खोलीत आण्णा, म्हणजे माझे वडील, झोपतात. खिडकीला लागून त्यांची कॉट. आईची शिलाई मशीन त्याच कोपऱ्यात होती, त्यामुळे कॉट हलवायचा विषय काढायचा नाही. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. तिच्या चौकटीची आणि भिंतीची फारकत झालेली. उभा पाऊस पडला तर काही नाही. आडवा पडला की थेंब थेट उशीवर. एप्रिलात मी दोनशे दहा रुपयांची सिलिकॉनची ट्यूब आणि वर एक गन आणली, न्हाणीघरातल्या बेसिनला वीतभर पट्टी ओढली आणि उरलेली ट्यूब ‘खिडकीला होईल’ म्हणून खणात ठेवली. खिडकीला पाऊस आल्याशिवाय हात लावायचा नाही, ही आमची घराण्याची रीत.

जुलैत रात्री दहाला थेंब सुरू झाले. मी ऐटीत गन काढली. दांडा दाबला. पुन्हा दाबला. पाय लावून दाबला. ट्यूबच्या मागच्या बुडातून थोडेसे बाहेर आले, पुढून काही नाही. आमच्याकडे नव्वद दिवसांवर हप्ता थकला की ते खाते अनुत्पादक म्हणून बाजूला काढतात. मी बोटांवर मोजले. एप्रिलची वीस तारीख ते जुलैची एकवीस. ब्याण्णव.

‘‘झाकण लावलं नव्हतंत का?’’ सौ. म्हणाली.

आता या ट्यूबला झाकण असते कुठे? आपण तिचे तोंड ब्लेडने कापतो, त्यावर लांब नोझल बसवतो, त्याचे टोकही कापतो. जिचे नाक-तोंड आपणच कापले, तिच्या पाठीवर छापलेले असते, ‘झाकण घट्ट लावावे.’ इतकी क्रूर विडंबना मी अलीकडे वाचलेली नाही.

आण्णा कॉटवर उठून बसले होते. उशीच्या जागी बादली. टप्. टप्. ते काही बोलले नाहीत. आता त्यांच्या न बोलण्याचा इतिहास सांगायला हवा.

आण्णा पॅटर्नमेकर. आधी उद्यमनगरात, मग शिरोलीत, अशी त्यांनी फौंड्रीत साच्यासाठी सागवानी नमुने करण्यात हयात घालवली. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. माझे प्रगतिपुस्तकही ते याच हिशेबाने बघत. मुलगा थंड झाला की यातला एक टक्का जाणार. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात उघडलेल्या ट्यूबा. कोणाच्या नाकात स्क्रू, कोणाच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा रबर गुंडाळलेला, प्रत्येकीवर कागदी पट्टी आणि पट्टीवर पेन्सिलीने तारीख. मागच्या दिवाळीच्या सफाईत मी तो डबा उचलला, वरवर पाहिला, सगळे वाळलेले असणार असे ठरवले आणि घंटागाडीत टाकला. संध्याकाळी आण्णांनी कॉटखाली हात घातला. डबा नाही म्हटल्यावर हात बाहेर काढला आणि टीव्ही लावला. त्यावर आमच्यात एक शब्दही झाला नाही. मला वाटले, प्रकरण मिटले. बँकेत वीस वर्षे काढूनही मला न फिटलेले आणि मिटलेले यातला फरक कळत नाही.

त्या रात्री झोप कोणालाच नव्हती. आण्णा अखेर बादलीकडे बघत म्हणाले, ‘‘तू सगळ्यांना एकच औषध देतोस.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘अरे, एक पाण्यानं मरतंय आणि एक पाण्यावाचून मरतंय. तू दोघांना एका खणात कोंबतोस.’’

पुढचा तास त्यांनी मला जे सांगितले, ते कुठल्याही ट्यूबवर छापलेले नाही. पांढरा फेविकॉल घ्या. त्यातले पाणी उडून गेले की तो वाळतो, म्हणून त्याला कोरड्या हवेची भीती. सिलिकॉनचे बरोबर उलटे. ते हवेतली वाफ पिऊन घट्ट होते, वास येतो तो व्हिनेगरचा, म्हणून त्याला कोल्हापूरच्या जुलैची भीती. पंक्चरच्या सोल्युशनला ना ओलीची पर्वा ना कोरडीची. त्यातला पातळ द्रव उडाला की त्याचा चुईंगम होतो. ॲराल्डाइटच्या दोन ट्यूबांना हवेचे फारसे काही वाटत नाही, त्यांना भय फक्त एकमेकींचे. स्वतंत्र खोलीत दोघी वर्षानुवर्षे टवटवीत राहतात, पण झाकणांची अदलाबदल झाली की दोन्ही तोंडे कायमची बंद. (इथे सौ.ने आणि मी एकमेकांकडे बघायचे टाळले.)

आणि ती बोटे चिकटवणारी चिमुकली? तिचे कुळ सायनोॲक्रिलेट. १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर नावाचा रसायनज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता, तेव्हा हे हाती लागले आणि ज्याला त्याला चिकटते म्हणून बाजूला टाकले गेले. बाजारात आले १९५८ ला. हा भाग माझा, आण्णांचा नव्हे. आण्णांनी सांगितले ते एवढेच की, तिला पृष्ठभागावरचा दमटपणा पुरतो. फ्रीजमध्ये ठेवायची तर हवाबंद डबीत, आणि काढल्यावर लगेच उघडायची नाही. गार ट्यूबवर बाहेरची वाफ धरते आणि तीच तिला मारते. आमच्याकडे ती कोथिंबिरीच्या जुडीत ठेवली जाते. दर वेळी नवी आणतो.

फौंड्रीतही हेच, ते म्हणाले. कोअरच्या वाळूत सोडियम सिलिकेट घालतात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडला की कोअर दगड होतो. त्या सिलिकेटचा ड्रम कोणी उघडा टाकला, तर हवेतला तोच वायू घेऊन त्याच्यावर साय धरते. ‘‘पोरं म्हणायची, माल खराब आला. माल खराब न्हाई, झाकण उघडं ऱ्हायलं.’’

मी विचारले, मग तुमच्या लहानपणी काय करत? ते हसले. फेविकॉल १९५९ ला आला. त्याच्या आधीचे सुतार सरस वापरत, आणि आण्णाही उमेदवारीत तोच शिकले. पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून सरस गरम करायचा, काम झाले की थिजू द्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम. घरात कागदाला खळ, ती ताजी शिजवायची. मला आमची लाखेची कांडी आठवली. सील मारायचे, उरलेली कांडी खणात टाकायची. दहा वर्षांनी काडी ओढा, तयार. जुना चिकटा वाट बघत बसायचा. नवा वाट बघत नाही, कारण त्याच्यात जे होते ते एकदाच होते. त्याला पुन्हा गरम करता येत नाही की भिजवता येत नाही. आपण मात्र त्याला लाखेच्या कांडीसारखे जपतो. काटकसर खरी, पण ती लाखेच्या काळातली.

म्हणून समीक्षक या नात्याने माझा आक्षेप असा. ‘झाकण घट्ट लावावे’ हे वाक्य खोटे नाही, पण त्यात ‘कारण’ हा शब्द नाही. कशापासून वाचवायचे ते कळले, तर झाकण नसलेल्या ट्यूबलाही माणूस झाकण शोधतो. ते न सांगता लेखक स्वतः नामानिराळा राहतो आणि पावणेतीनशे मिलीमधली अडीचशे मिली आपल्या खणात दगड होते. वीतभर फटीसाठी इमारतीला पुरेल एवढी ट्यूब विकायची आणि वर साठवणुकीचा उपदेश करायचा, ही मला शैली न वाटता धोरण वाटते.

सकाळी उघडीप मिळाली. आण्णांनी कॉटच्या गादीखालून एक छोटी ट्यूब काढली. डबा गेल्यानंतरची, मला न सांगता आणलेली. तिच्या नाकात लांब स्क्रू पिळलेला. ओल्या भिंतीला आणि जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही, म्हणून मला आधी सगळे खरवडून फडक्याने आणि सौ.च्या हेअर ड्रायरने कोरडे करायला लावले. मग स्क्रू ओढला. त्याच्याबरोबर रबरासारखी घट्ट कांडी सबंध बाहेर आली आणि मागून मऊ, पांढरे सिलिकॉन. तरी त्यांनी आधी वर्तमानपत्रावर थेंबभर सोडला आणि अर्धा तास थांबवले. जुना माल असला तर तो चिकट राहतो, कातडे धरत नाही. याने धरले.

गन त्यांनी हातात घेतली. दांडा दाबताना हात थरथरला आणि पट्टी नागमोडी झाली. दुसऱ्यांदा तसेच झाले. त्यांनी गन माझ्याकडे दिली. मी दाबत गेलो आणि मागून ते साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने पट्टी सारखी करत आले. बोट थरथरत नव्हते. खोलीभर व्हिनेगरचा वास.

काम झाल्यावर त्यांनी नोझलच्या टोकाशी वाटाण्याएवढे सिलिकॉन राहू दिले, त्यातच स्क्रू पिळला, कागदाची पट्टी चिकटवली आणि पेन्सिलीने तारीख घातली. मग ट्यूब हातात धरून इकडे तिकडे बघू लागले.

मी स्वयंपाकघरात गेलो. बिस्किटांचा डबा नवा होता, आत अर्धा पुडा होता. तो एका ताटलीत ओतला, डबा फडक्याने कोरडा पुसला आणि नेऊन त्यांच्या कॉटवर ठेवला.

‘‘झाकण बसतंय का बघ,’’ आण्णा म्हणाले.