ई-पुस्तकांतील दर्शनभेद आणि पाठभेद

वाचकाने स्वतः सिद्ध केलेले ई-पुस्तक निरनिराळ्या वाचनयंत्रांवर व ॲपांत निरनिराळे दिसते, ही तक्रार बहुधा तांत्रिक गैरसोय म्हणून सोडून दिली जाते. संहितेच्या अभ्यासकास ती तशी सोडता येत नाही. दिसणारा भेद संहितेतील आहे की केवळ तिच्या दर्शनातील, हे ठरविल्यावाचून अशा पुस्तकाचा आधार घेणे सुरक्षित नव्हे.

भेदाचे मूळ ईपबच्या रचनेतच आहे. छापील पृष्ठ एकदा जुळविले की स्थिर होते. ईपबमध्ये प्रामुख्याने मजकूर व मांडणीच्या सूचना साठविलेल्या असतात. पृष्ठ घडविते ते वाचनाचे साधन. पडद्याची रुंदी, अक्षरांचा आकार आणि टंक यांनुसार ते पुन्हा पुन्हा घडते. काही ॲप संपादकाच्या सूचना बाजूस सारतात. किंडलसाठी पाठविलेल्या ईपबचे तर आधी स्वरूपच पालटते.

यांतील पुष्कळ भेद निरुपद्रवी होत. मराठी वळणाच्या ल आणि श यांच्या जागी हिंदी वळण दिसले, तर डोळ्यास खटकते. युनिकोडमधील अक्षर तेच राहते. ज्ञानेश्वरीतील ओवीचा चरण अरुंद पडद्यावर मध्येच मोडला, तरी पहिल्या तीन चरणांचे यमक त्यांच्या सीमा दाखविते.

'दऱ्या' या शब्दाची गोष्ट निराळी. जुन्या फायलींत त्यातील अर्धा र पुष्कळदा एका अदृश्य जोडचिन्हाने साधलेला असतो. रूपांतरात ते गळाले की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातील दऱ्यांच्या जागी समुद्र येतो. दोन्ही शब्द मराठीत रूढ असल्याने चूक सहज निसटते. हा पाठभेदच होय. हस्तलिखितातील लेखनिकाच्या प्रमादाशी त्याचे नाते जवळचे आहे. परंतु फाईल निर्दोष असून टंकात ते अक्षररूप नसले, तरीही पडद्यावर 'दऱ्या' बरोबर दिसत नाही. तात्पर्य, पडदा हा पाठाचा पुरावा होऊ शकत नाही. निर्णय फाईल उघडूनच करावा लागतो.

पीडीएफने पृष्ठ स्थिर होते, पण पाठाच्या शुद्धतेची हमी मिळत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून. ई-पुस्तकाच्या संपादकासही प्रत्येक रूपांतर ही नवी प्रत मानून ती मूळ फाईलशी ताडून पाहावी लागेल. संदर्भ देताना बदलत्या पृष्ठांकाऐवजी अध्याय व ओवी यांचे क्रमांक द्यावेत आणि कोणती फाईल आधारास घेतली, तेही नोंदवावे. एवढी शिस्त पाळल्यास दर्शनातील वैचित्र्य संशोधनास बाधक ठरणार नाही.