ओढ्याची रेघ आणि ओढ्याचा काठ

शहर वाढू लागले की तिथल्या ओढ्याचे काय होते, हे समजून घ्यायला काय वाचावे, असे एखाद्या शिक्षकाने विचारले तर आम्ही अजूनही १९६८ सालची एक अठरा पानी पुस्तिका सुचवतो. ‘हायड्रॉलॉजी फॉर अर्बन लँड प्लॅनिंग’ हे तिचे नाव. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने ती काढली आणि लिहिली लूना लिओपोल्ड यांनी. (निसर्गलेखक आल्डो लिओपोल्ड यांचे हे चिरंजीव. वडिलांच्या निधनानंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे गाजलेले पुस्तक यांनीच संपादित केले.) पुस्तिका नगररचनाकारांसाठी आहे, पण दहावीचे गणित येणाऱ्या कोणालाही ती समजावी. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही ती शिळी झालेली नाही. तरीही ती जशीच्या तशी स्वीकारू नये असे आम्हाला वाटते. नगररचनेतल्या माणसांनी तिच्यातून सोयीचे तेवढे उचलले आणि महत्त्वाचे मागे ठेवले, अशीही आमची तक्रार आहे.

पुस्तिकेचा गाभा एका आलेखात आहे. सुमारे २.६ चौरस किलोमीटरचे, म्हणजे एक चौरस मैलाचे पाणलोट क्षेत्र घ्या. त्यातली किती टक्के जमीन छपरांनी, रस्त्यांनी, फरशीने झाकली आहे हे एका अक्षावर मांडा, आणि किती टक्के भागात पावसाळी गटारे टाकली आहेत हे दुसऱ्यावर. गटारे अजिबात नसतील तर सगळी जमीन झाकल्यावर पुराचा उच्चांक साधारण अडीच पट होतो. जमीन उघडीच ठेवून सगळीकडे गटारे टाकली, तर १.७ पट. दोन्ही गोष्टी पूर्णपणे झाल्या, तर मात्र सुमारे आठ पट! अडीच आणि १.७ यांचा गुणाकार सव्वाचार होतो, हे विद्यार्थ्यांना करून पाहायला सांगावे. उरलेली वाढ कुठून आली? फरशीमुळे पाणी मुरत नाही. गटारामुळे ते रेंगाळतही नाही. एरवी तासाभरात थोडे थोडे येणारे पाणी एकाच वेळी ओढ्यात उतरते. ‘पाणी लवकर काढून देणे’ याला आपण सोय म्हणतो. खालच्या वस्तीसाठी ती सोय नसते.

इथवर बहुतेक वाचक येतात आणि थांबतात. पण हा आलेख कोणत्या पुराचा आहे? शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुराचा नव्हे. दर वर्षीचा सर्वांत मोठा पूर घेऊन त्यांची सरासरी काढली, तर जो येतो त्या साध्यासुध्या पुराचा तो आहे. हॉलिस या संशोधकाने १९७५ मध्ये दाखवले की शहरीकरणामुळे लहान पूर दहापटीपर्यंत वाढू शकतात, पण पाणलोटाचा ३० टक्के भाग झाकला गेल्यावर शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर फार तर दुप्पट होतो. कारण सोपे आहे. महावृष्टीत माती आधीच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे उघडी जमीनही फरशीसारखीच वागते. साध्या पावसात मात्र माती आणि फरशी यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो.

मातीच्या काठांचा ओढा घडवतो कोण? लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मोजमापांनुसार अशा प्रवाहाचे पात्र साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा काठोकाठ भरते, आणि त्या सुमाराचे पूरच पात्राला आकार देतात. म्हणजे शहर ज्या पुरांना सर्वांत जास्त वाढवते, तेच पूर काठ खातात. आमच्या मते पुस्तिकेतला सर्वांत मोलाचा धडा हाच. जमीनविकासाच्या नकाशांत तोच सापडत नाही.

आपल्याकडच्या पूररेषाच पाहा. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. दोन निळ्या रेषांमधला पट्टा निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषांमधला नियंत्रित. पाणी कुठवर चढेल हे सांगायला या रेषा हव्यातच, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. (‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे पुढची २५ वर्षे निर्धास्त, असा मात्र अर्थ होत नाही. दर वर्षी ४ टक्के शक्यता धरली, तर २५ वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते.) आमचे म्हणणे एवढेच की या दोन्ही रेषा विरळा पुरांच्या आहेत. काठ कुठे पोखरला जातोय याबद्दल त्या काहीच बोलत नाहीत. लहान ओढ्यांना तर बहुधा काठापासून ठराविक मीटर जागा सोडण्याचा नियम लावतात. अंतर मोजायचे काठापासून, आणि काठ स्वतःच सरकणारा!

नकाशाच्या प्रमाणाचाही एक घोटाळा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर ०.२ मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर १० मीटर रुंद असते. पाच मीटरचा ओढा तिच्यात बुडून जातो, आणि एका पावसाळ्यात मीटरभर ढासळलेला काठ नकाशावर मिलिमीटरचा पन्नासावा भाग भरतो. डोंगरउतारावरचे कित्येक ओहोळ त्यावर उमटतच नाहीत. भूखंड पाडताना पहिल्यांदा बुजवले जातात ते हेच.

आता पुस्तिकेतल्या उणिवेकडे. पाणी वाढले की पात्र रुंदावेल, असा तिचा सूर आहे. पण लिओपोल्ड यांनी मेरीलँड राज्यातल्या वॉट्स ब्रँच या लहान ओढ्याचे छेद १९५३ पासून वर्षानुवर्षे मोजले, आणि १९७३ मध्ये त्यांनाच लिहावे लागले की आजूबाजूला वस्ती वाढत असताना पात्र आधी मोठे न होता आक्रसत गेले. बांधकामाचा गाळ त्यात साचत होता. वोल्मन आणि शिक यांनी १९६७ मध्ये त्याच राज्यातले आकडे दिले होते. ग्रामीण भागातून वर्षाला दर चौरस मैलामागे २०० ते ५०० टन गाळ येतो, तर बांधकामाखालच्या जमिनीतून हजारापासून एक लाख टनांहूनही अधिक. तेव्हा आधी गाळ येतो आणि पात्र उथळ होते. पुढे सगळे डांबराखाली गेले की गाळ आटतो, पाणी मात्र वाढलेलेच राहते आणि ते काठ खाऊ लागते. पहिल्या टप्प्यात नकाशा केला तर ओढा मरतोय असे वाटेल, आणि त्याला आणखी अरुंद भिंतींत कोंडायचा मोह होईल. आपल्याच आडाख्याविरुद्ध जाणारी मोजमापे लिओपोल्ड यांनी छापली, हे आम्हाला आलेखाइतकेच शिकवण्याजोगे वाटते.

दुसरी उणीव आपल्या बाजूने. पुस्तिकेतली मोजमापे बारमाही, समशीतोष्ण प्रदेशातल्या प्रवाहांची आहेत. दख्खनचा ओढा आठ महिने कोरडा असतो. खाली बेसाल्ट, वर कुठे वीतभर मुरूम तर कुठे भेगाळणारी काळी माती. नर्मदा-तापीसारख्या नद्यांच्या खडकाळ पात्रांत विरळा महापूरच मोठे काम करतात, हे पुण्याचे विश्वास काळे यांच्या संशोधनातून दिसते. त्यामुळे ‘दीड-दोन वर्षे’ हा आकडा इथे पाठ करून चालणार नाही, तो ओढ्याओढ्यात तपासावा लागेल.

तपासायला आंबील ओढ्याहून बोलके उदाहरण नाही. कात्रजच्या डोंगरात उगम, वाटेत पेशवेकालीन तलाव, पुढे दाट वस्तीतून मुठेपर्यंतचा प्रवास. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काही तासांच्या पावसात तो उफाळला, काठच्या सीमाभिंती कोसळल्या, आणि पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. तो पूर विरळा होता हे मान्य. पण त्याआधीच्या पंचवीस-तीस पावसाळ्यांत या ओढ्याचा काठ कुठे किती सरकला, कुठे भराव पडला, कुठली भिंत खालून पोकळ झाली, हे दाखवणारा नकाशा आम्हाला पाहायला मिळालेला नाही. अशी भिंत पाडायला महापूरच लागतो असे नाही.

असा नकाशा करायला उपग्रह लागत नाही. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन एका ओढ्यावर हे करतो ते असे: पूर येतो त्याच्या बरेच मागे, दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी सळई ठोकायची. त्यांच्यामध्ये सुतळी ताणून पातळीनळीने समतल करायची. दर अर्ध्या मीटरला सुतळीपासून तळापर्यंतचे अंतर मोजायचे आणि आलेख कागदावर उतरवायचे. एकदा मे महिन्यात, एकदा दिवाळीनंतर. भर पावसाळ्यात पात्रात उतरायचे नाही. दोन वर्षांचे छेद एकमेकांवर ठेवले की काठ कुठे गेला आणि गाळ कुठे बसला ते दिसते. सळया मात्र खोल ठोका. आमची पहिल्या वर्षीची एक सळई काठासकट वाहून गेली.