‘सायको’तील भय

भयाची गोडी ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. प्रत्यक्षात ज्याच्या वाऱ्यालाही आपण उभे राहणार नाही, तेच पाहायला पदरचे पैसे मोडून आपण काळोखात जाऊन बसतो. भरताने नाट्यशास्त्रात भयानकाला आठ रसांत मानाने बसवले, ते माणसाची ही खोड ओळखूनच. पण रस म्हणजे नुसते दचकणे नव्हे. दाराआडून कुणी ‘भो’ केले तरी माणूस दचकतोच. मग आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९६० सालचा ‘सायको’ इतक्या वर्षांनंतरही मनाची पकड का सोडत नाही?

बहुतेक लोक उत्तरादाखल न्हाणीघरातील खुनाकडे बोट दाखवतील. तो प्रसंग जेमतेम पाऊण मिनिटाचा, पण त्याच्या चित्रणाला आठवडा लागला. सुरा अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. रक्त म्हणून वापरला तो चॉकलेटचा पाक. हिचकॉकना तिथे संगीत नको होते; बर्नार्ड हर्मन यांनी केवळ तंतुवाद्यांवर किंचाळणारे सूर बांधले आणि ते ऐकून दिग्दर्शकाने आपले मत बदलले. कारागिरी अव्वल आहे, यात शंका नाही. परंतु या चित्राचे खरे मर्म त्या खुनात नाही, त्याच्या नंतर आहे.

कथेची मांडणी पाहा. मॅरियन ही कचेरीत काम करणारी साधी तरुणी. लग्न पैशापायी अडलेले. मालकाने बँकेत भरायला दिलेले चाळीस हजार डॉलर घेऊन ती मोटारीने पळते. चोरी तिची, पण धडधड आपल्याला. काळा चष्मा लावलेला पोलीस खिडकीशी वाकतो तेव्हा, ‘देवा, सुटू दे हिला,’ असे आपणच म्हणतो. पावसात ती एका आडवाटेच्या मोटेलात उतरते. तिथला नॉर्मन बेट्स लाजाळू, गोड बोलणारा. तिच्यासाठी सँडविच आणि दूध घेऊन येतो. त्याच्याशी बोलता बोलता तिला उपरती होते. पैसे परत करायचे ती ठरवते, आणि नेमकी तेव्हाच मारली जाते. अवघ्या पाऊण तासात नायिका गेली! कादंबरी लिहिणारा कुणीही असे धाडस करताना दहा वेळा विचार करील.

आता आपण कुणाचा हात धरायचा? नॉर्मन रक्त धुतो, प्रेत मोटारीत ठेवतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते पैसेही नकळत त्यात फेकतो आणि मोटार दलदलीत ढकलतो. मोटार बुडू लागते आणि मध्येच थांबते. नॉर्मनच्या तोंडचे पाणी पळते. आणि आपल्याही! क्षणभर आपण श्वास रोखून वाट पाहतो, की बुडू दे एकदाची. ज्या मुलीसाठी घटकेपूर्वी जीव तुटत होता, तिचे प्रेत दडावे म्हणून आपण मनातल्या मनात हात जोडतो.

‘सायको’चे सारे सामर्थ्य मला या क्षणात दिसते. आपल्या भुतांच्या गोष्टींत भयाला पत्ता असतो: मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी. रामरक्षा म्हणत तिथून पाय काढता येतो. इथे भय प्रेक्षकाच्या स्वतःच्या सहानुभूतीत शिरते. आपली दया किती सहज जागा बदलते, हे हिचकॉक उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता दाखवून देतात.

म्हणूनच शेवटी मनोविकारतज्ज्ञ येऊन सारे समजावून सांगतो, ते मला खटकते. शिक्षकाने कविता रंगवावी आणि लगेच फळ्यावर तिचा सारांश लिहावा, तसे ते होते. त्या व्याख्यानानंतरचा नॉर्मनचा चेहराच काय तो हा दोष धुऊन काढतो.

शेवटचे रहस्य इथे उघड करीत नाही. ते ठाऊक असूनही चित्र पुन्हा पाहावेसे वाटते, हीच त्याची थोरवी. लहान मुलांना घेऊन पाहण्याजोगे ते नव्हे. मोठ्यांनी मात्र जरूर पाहावे, आणि मोटार दलदलीत अडकते तेव्हा पडद्याकडे न पाहता क्षणभर आपल्या मनाकडे पाहावे.