साबण झाला, पण तेल कोणाचं?

सिनॉप्सिससाठी विषय शोधताना 'वापरलेल्या तेलापासून साबण आणि पर्यावरण शिक्षण' हा विषय कधीतरी समोर येईलच. इंडोनेशियात यावर ढिगाने पेपर निघालेत. नेहमीचा साचा असा: एका दिवसाची कार्यशाळा, आधी प्री-टेस्ट, नंतर पोस्ट-टेस्ट, गुण वाढले, म्हणजे जागरूकता वाढली. हाच साचा भोर-वेल्ह्यात लावणार असाल तर जरा थांबा.

पोस्ट-टेस्ट काय मोजते? दोन तासांपूर्वी सांगितलेलं लक्षात आहे का, एवढंच. गटारात जाणारं तेल किती कमी झालं, हे त्यात कुठेच नाही. आणि मुळात ते घरातून गटारात जातं का? आपल्याकडे पुऱ्या तळून उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला जातं. म्हणजे तिथे प्रश्न नाल्याआधी तब्येतीचा आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढतात. एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. टाकाऊ तेल शोधायचं तर नसरापूर-कापूरहोळकडची हायवेवरची हॉटेलं बघा, राजगडाच्या पायथ्याशी शनिवार-रविवारी भजी तळणारे बघा. बचत गटातल्या ताईंना कार्यशाळेत बसवायचं आणि हॉटेलवाल्याला सोडून द्यायचं, हा सरळ सॅम्पलिंगचा दोष आहे. (ताई बोलावल्या की येतात, हॉटेलवाला येत नाही, हे खरं कारण!)

रसायनशास्त्रही असंच उरकलेलं असतं. सोयाबीन तेलाचा साबणीकरण अंक साधारण १९०, म्हणजे किलोभर तेलाला सुमारे १३५ ग्रॅम कॉस्टिक सोडा. पण हा आकडा ताज्या तेलाचा. कढईत काळं पडलेल्या तेलाचा वेगळा येऊ शकतो, म्हणून आधी टायट्रेशन करा. कॉस्टिक जास्त राहिला तर ती वडी हात जाळते. 'भांड्यात मिसळा' एवढं लिहून भागत नाही: कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो, हायड्रोजन सुटतो, आणि घरातलं मोठं पातेलं बऱ्याचदा ॲल्युमिनियमचंच असतं. स्टीलचं घ्या, आणि कॉस्टिक पाण्यात टाका, त्यावर पाणी ओतू नका.

मग करायचं काय? कार्यशाळेआधी काही घरं आणि काही हॉटेलं निवडून आठवडाभर उरलेलं तेल रोज मोजा. तीन महिन्यांनी परत जाऊन बघा, साबण अजून कोण करतंय. घरांचा आकडा शून्याजवळ आला तर तोच तुमचा निष्कर्ष. गाईड नाक मुरडतील, मुरडू देत. हॉटेलांत भरपूर निघालं तर २०१८ मध्येच सुरू झालेल्या 'रुको' उपक्रमातून ते बायोडिझेलकडेही जाऊ शकतं. मग साबणच का, याचं उत्तर तुम्हाला प्रस्तावात द्यावं लागेल.